ओट्याच्या दोन्ही बाजूंना बसणारे रघुनाथ सर

गौरव समितीकडून परवा पाकीट आलं. त्यात सरांच्या गौरवग्रंथासाठी लेख मागणारं छापील विनंतीपत्र, सहा आखीव कोरे कागद, सरांचा एक रंगीत फोटो आणि हाताने लिहिलेली एक वेगळी चिठ्ठी निघाली. पाकिटावर तिकिटं कमी होती म्हणून पोस्टमनभाऊंनी दहा रुपये माझ्याकडून घेतले. सहा कागद पुरणार नाहीत हे दिसल्यावर आळेफाट्याहून पंचवीस रुपयांची वही आणवली. पस्तीस रुपये गेले त्याचं काही वाटलं नाही, सरांच्या पंचाहत्तरीचं काम आहे. चिठ्ठीचं मात्र वाटलं. तिच्यात लिहिलं होतं, 'कांद्याच्या बराखीचा प्रसंग कृपया वगळावा. सरांचा साधेपणा, शिस्त आणि विद्यार्थ्यांवरील प्रेम एवढ्यावरच लिहावे, म्हणजे कोणाचे मन दुखावणार नाही.'

तो प्रसंग मी वगळणार नाही. समितीतल्या मान्यवरांचा मान राखून हे आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाचून त्यांची निराशा व्हायला नको.

मी मॅट्रिक झालेली गृहिणी. गावच्या वाचनालयाची आणि महिला गटाची हिशोबाची वही माझ्याकडे असते, त्यापलीकडे माझी काही ओळख नाही. ज्यांना जुन्नर-आंबेगावचा सगळा परिसर नुसतं 'रघुनाथ सर' म्हणतो, त्यांनी आधी घाटघरच्या शाळेत आणि पुढे मंचरच्या हायस्कुलात भूगोल आणि अर्थशास्त्र शिकवलं. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नाही. माझी त्यांची पहिली भेट रद्दीवरून झाली.

सर निवृत्त होऊन आमच्या गावी राहायला आले आणि वाचनालय बघू लागले, तेव्हाची गोष्ट. फडताळात घालायला मला जुनी वर्तमानपत्रं हवी होती. वाचनालयातली रद्दी दुकानापेक्षा स्वस्त मिळायची. मी गेले तर सर प्रत्येक अंकातून परदेशाच्या बातम्यांचं पान काढून बाजूला ठेवत होते.

"पान काढलं तर फडताळाला कागद कमी पडतो, सर," मी म्हणाले.

"मग हे एक पान वाचून दाखवा, आणि सगळा गठ्ठा तसाच न्या. पैसे नकोत."

मी उभ्या उभ्या वाचलं. कुठल्याशा देशात सरकारने सगळ्या मालाचे भाव बांधून दिले होते आणि दुकानं रिकामी पडली होती. बायका पहाटेपासून रांगेत होत्या. सरांनी विचारलं, "असं का झालं असेल?" मी म्हणाले, "सरकारने प्रत्येकाच्या चुलीपाशी येऊन बसू नये. किती पीठ मळायचं ते घरातल्या बाईला कळतं."

"छान. आता याच्या उलट बाजू सांगा."

"उलट बाजू मला पटत नाही."

"म्हणूनच सांगा."

मला राग आला होता. पण आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या यजमानांची, कंपनी बंद पडली ते वर्ष आठवलं. त्या वर्षी रेशनच्या गव्हावर आमची चूल पेटली होती. तो भाव सरकारने बांधला नसता तर मळायला पीठच नव्हतं. मी तेवढं बोलले. सर म्हणाले, "गुरुवारी पाच वाजता मारुतीच्या ओट्यावर या." गठ्ठा घेऊन मी घरी आले. फडताळात कागद घालायला पुढे चार दिवस लागले, कारण प्रत्येक पान आधी वाचून होत होतं.

ओट्यावरचा गुरुवार बाहेरच्यांना सांगायला हवा. सरांनी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक देश वाटून दिला होता. वर्षभर त्या देशाची बातमी मिळेल तिथून मिळवायची आणि एकाच प्रश्नावर भांडायचं: सरकारने हातात घेतलेला कारभार, ज्याला समाजवादी वळणाचा म्हणतात, तो तिथे चालला की फसला? ओट्याच्या उगवतीकडे बसणाऱ्यांनी सरकारची बाजू घ्यायची, मावळतीकडच्यांनी बाजाराची. अर्धा वेळ झाला की सर पितळी ताटावर पळी वाजवत आणि म्हणत, "जागा बदला." सगळ्यांनी उठून समोर जायचं, आणि इतका वेळ ज्याला खोडून काढलं त्याचीच बाजू मांडायची. सर स्वतःही उठत. तरुणपणी ते मोर्चात गेलेले, कल उघड डावीकडे. मंचरला काही लोक त्यांना 'लाल सर' म्हणायचे. तरी पळी वाजली की पंचा खांद्यावर टाकून मावळतीकडे जाऊन बसायचे आणि तिकडून असं बोलायचे की आपण आधी कुणाचं ऐकलं तेच विसरायला व्हायचं.

मला रशिया आला, जुन्या सोव्हिएत काळासकट. शेजारच्या हौसाक्कांना क्युबा आला, अजून गावात त्यांना 'क्युबावाल्या आक्का' म्हणतात. काशिनाथभाऊ चाकणला कंपनीत युनियनचं काम केलेले, त्यांच्या वाट्याला नेमका व्हेनेझुएला आला. आणि बबनशेठ, मंचरच्या बाजारातले कांद्याचे व्यापारी, सरांचेच जुने विद्यार्थी, त्यांना आला स्वीडन. ते पहिल्या दिवशी चिठ्ठीच परत द्यायला निघाले होते.

"सर, ह्ये लोक कमाईतला येवढा वाटा करात भरत्यात आन् दंगा करत न्हाईत. येडी हायेत का राव ही मानसं?"

हौसाक्का म्हणाल्या, "त्यास्नी दवाखान्यात पैशे मोजावं लागत न्हाईत, शेठ. तुमी गुडघ्याला किती घातलं ते सांगा की."

"आक्का, तुमच्या क्युबात डाक्टर फुकट हाय, पर गोळी मिळतीया का ते बघा आदी."

"न्हाई मिळत. लिवलंय म्या वहीत. तुमी तुमचं लिवा."

काशिनाथभाऊ मात्र चार गुरुवार गप्प होते. पाचव्या गुरुवारी म्हणाले, "जिमिनीत त्याल आसून घरात पीठ न्हाई, आसा कसा देश? मला त्याची बाजू घ्यायची व्हती सर, पर घेऊ कशी?" सर म्हणाले, "आधी फसलं ते सगळं मांडा. लपवलंत तर तुमची बाजू आणखी लंगडी पडेल." काशिनाथभाऊंनी त्या दिवशी सगळं मांडलं. बबनशेठ टाळी वाजवायला गेले, तेवढ्यात ताट वाजलं आणि त्यांनाच जाऊन व्हेनेझुएलाची बाजू घ्यावी लागली. घाम फुटला त्यांना. पण तेल निघालं तेव्हा गरीब वस्त्यांत शाळा आणि दवाखाने कसे पोचले, ते त्यांनीच शोधून सांगितलं.

सर देव मानत नाहीत. मी एकादशी, संकष्टी सगळं पाळणारी. सुरुवातीला मला धाकधूक होती की मारुतीच्या दारात बसून हे देवालाच खोडून काढतील. एका गुरुवारी सर चीनवर बोलत होते, भर रंगात. पुजारी आरतीचं ताट घेऊन गाभाऱ्याशी येऊन थांबले, पण सरांना थांबवायचं धाडस त्यांना होईना. सरांचं लक्ष गेलं. वाक्य अर्धं सोडून ते उठले, आत गेले आणि आरती संपेपर्यंत घंटा त्यांनीच वाजवली. पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जागा तुमच्या देवाची आहे. आम्ही पाहुणे." त्यानंतर गुरुवारी आरतीच्या आधी सभा उठते.

मालकांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा सर सरकारी दवाखान्यात आले होते. येताना घरून मऊ भाताचा डबा आणि माझ्यासाठी भाकरी. दिवसभर बसले. संध्याकाळी मला रडू आलं, मी म्हणाले, "सर, इतकी वर्षं मी मावळतीकडून सरकारला नावं ठेवली. इथे एक पैसा घेतला नाही त्यांनी." दुसरा कुणी असता तर त्याने तेवढ्यावर मला जिंकून घेतलं असतं. सर म्हणाले, "ऑपरेशन फुकट झालं हे वहीत लिहा. इंजेक्शन बाहेरून विकत आणावं लागलं हेही लिहा. आणि आता जेवून घ्या." दोन्ही लिहिलं आहे. वही माझ्याकडे आहे, कुणालाही दाखवीन.

आता बराख.

आमच्याकडे उन्हाळी कांदा निघाला की तो लाकूड आणि जाळीच्या लांबट बराखीत साठवतात आणि गणपतीच्या सुमाराला भाव बघून काढतात. एका गुरुवारी बबनशेठ म्हणाले, "सर, रशिया-स्वीडन लई झालं. ज्ये सामाईक, ज्ये सगळ्यांचं, त्ये हितं गावात करून दावा. म्हंजी मानतो." सर म्हणाले, "करू." त्यांनी स्वतःच्या रानात, स्वतःच्या पेन्शनमधून सामाईक बराख उभी केली. आम्ही आठ घरं तयार झालो. प्रत्येकाने सारख्या गोण्या घालायच्या, सगळा कांदा एकत्र ओतायचा आणि विकला की सारखे वाटे. गोण्या मोजायचं काम माझ्याकडे. मी एकूणएक गोणी मोजली. एकही कमी नव्हती.

गणपतीच्या आधी बराख उघडली तर वास ओढ्यापर्यंत आला. निम्म्याहून जास्त कांदा सडला होता. त्याच वेळी आम्हा आठही जणांच्या घरच्या बराखीत कांदा खणखणीत होता. बबनशेठ आले, रुमाल नाकाला लावून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आता पळी वाजवायची गरज हाय का?"

गुरुवारी ओट्यावर बसायला जागा नव्हती. सर उगवतीकडे उभे राहिले आणि म्हणाले, "आपला प्रयोग फसला आहे. पाऊस, जाळी, नशीब यांवर मी काही ढकलणार नाही. का फसला ते मात्र मला कळलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगावं."

सगळे खाली बघत होते. मीही बघत होते. समोर मारुती होता. मग मी हात वर केला आणि उभी राहिले. मी सामाईक बराखीत घातलेल्या गोण्यांमध्ये जोडकांदा आणि जाड मानेचे डेंगळे भरले होते, जे टिकत नाहीत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चांगला कांदा मी घरच्या बराखीत ठेवला होता. नासाडी मला सोसत नाही, म्हणून टाकून द्यायचा माल सगळ्यांच्यात घातला आणि ती काटकसर समजले. गोण्या मोजत होते तेव्हाही मला ते माहीत होतं.

मग हौसाक्का उठल्या. "म्या बी त्येच केलं. मला वाटलं येकटीचंच हाय, येवढ्यात काय कळतंय." मग तिसरं घर, चौथं घर. आठच्या आठ उठलो. शेवटी काशिनाथभाऊ उभे राहिले, सामाईकाच्या नावाने आयुष्यभर घोषणा दिलेला माणूस, आणि म्हणाले, "माजी तर चिंगळीच व्हती सगळी, कोंबडीच्या अंड्यायेवढी." तेव्हा सर खो खो हसले. सरांचे पैसे बुडाले होते, आणि हसलेही सगळ्यांत आधी तेच. मग त्यांनी ताट वाजवलं, मावळतीकडे गेले आणि सामाईक कारभार का फसतो हे आमच्याच कांद्यावरून समजावलं. बबनशेठ नंतर मला म्हणाले होते, "आपली बाजू म्या पन येवढी चांगली मांडली नसती, वैनी."

सगळ्यांना वाटलं, संपलं. सरांनी पुढच्या हंगामात तीच बराख पुन्हा भरायला काढली. मालकांनी मला विचारलं, "पुन्हा?" मी म्हणाले, "पुन्हा." या वेळी रीत बदलली. आपली गोणी आपण निवडायची नाही, दुसऱ्या घरच्या बाईने भर उन्हात अंगणात ओतून निवडायची. प्रत्येक गोणीत घराच्या नावाची चिठ्ठी. ओतायचं नाही, गोण्या रचायच्या. आणि वाटा मिळणार तो उघडताना निघालेल्या चांगल्या कांद्याच्या वजनावर. हौसाक्कांनी माझ्या गोणीतून ओंजळभर कांदे काढून माझ्या पदरात टाकले आणि म्हणाल्या, "ह्ये तुमच्या भाजीला." मी त्यांचे काढले. आठवडाभर आमचं बोलणं जरा तुटक होतं, पण कांदा निवडून झाला.

त्या वर्षी बराख चांगली निघाली. गणपतीच्या तोंडावर भाव पडलेला होता. एकेकटं असतो तर घाईने विकून मोकळे झालो असतो, आठ घरं मिळून थांबलो. गणपतीनंतर भाव चढला आणि बबनशेठ स्वतःच कांदा घ्यायला गाडी घेऊन दारात आले.

त्या गुरुवारी भांडण जोरात झालं. काशिनाथभाऊ म्हणाले, "बगा, सामाईक चाललं." बबनशेठ म्हणाले, "नावाची चिट्टी लावली, वजनावर वाटा दिला, म्हंजी खासगीच झालं की. सामाईक ऱ्हायलं कुटं?" काशिनाथभाऊ म्हणाले, "मंग थांबायची ताकद कुटनं आली, शेठ? येकट्याच्या बराखीत ती व्हती का?" दोघांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे. म्हणून तर प्रश्न अजून जिवंत आहे. अमुक देश पास, तमुक नापास असं विचारू नका. कोणत्या कामात, कुणाच्या नजरेखाली, आणि चूक झाली तेव्हा तिथे हात वर करून सांगायला जागा होती का, ते विचारा."

माझा रशिया मला त्या दिवशी कळला. तिथे सडलेल्या कांद्यावर हात वर करणाऱ्याला खाली बसवत होते, आणि गोण्यांचा आकडा मात्र दरवर्षी पूर्ण भरत होता. स्वीडनमध्ये कर मोठा, पण तो कुठे गेला ते विचारता येतं. मी काही अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण टीव्हीवर टाय लावून बसणारे जेव्हा एका वाक्यात सगळ्या जगाचा निकाल लावतात, तेव्हा मला वाटतं, यांनी एक हंगाम आमच्या बराखीत काढावा.

आणि आता समितीबद्दल. लेख मागितल्याचं कळताच बबनशेठचा फोन आला. "वैनी, पैलं वरीस लिवा. सरांनी भर ओट्यावर कबूल केलं ना, त्ये सविस्तर लिवा. दुसरं ऱ्हाऊ द्या, पानं वाडत्यात." दोन दिवसांनी काशिनाथभाऊ घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, पयल्या वर्साचं कशाला उगाळायचं? दुसरं लिवा. सरांनी करून दावलं ह्ये लोकांना कळाया पायजे." दोघेही समितीत आहेत. दोघांचं जमेना म्हणून बाकीच्यांनी दोन्ही वर्षं काढून टाकायचं ठरवलं आणि मला ती चिठ्ठी आली. दोघेही सरांवर जीव टाकणारे आहेत, हे मला माहीत आहे. पण इतकी वर्षं आम्हाला जागेवरून उठवणाऱ्या माणसाला या ग्रंथात एकाच जागी बसवायचा नाहीतर ओट्यावरून खालीच उतरवायचा घाट घातलाय, आणि तोही अशा वेळी.

अशा वेळी म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे. गेल्या दिवाळीत सरांना अर्धांगाचा झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं अजून स्पष्ट येत नाही. ग्रंथात कुणी त्यांच्या तोंडी काही घातलं तर आज ते खोडून काढू शकत नाहीत. त्यांच्या वतीने बोलण्याची घाई म्हणून तर सगळ्यांना झाली आहे.

मी चिठ्ठी घेऊन सरांकडे गेले. माई, त्यांच्या पत्नी, अंगणात शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "वाचून दाखवा त्यांना. लपवू नका, त्यांना कळतं लगेच." मी वाचली. सरांनी डोळे मिटून ऐकली. मी विचारलं, "सर, पहिलं वर्ष लिहू?" त्यांनी मान डोलावली. "दुसरं?" पुन्हा डोलावली. मग डावा हात उचलून बोट गोल फिरवलं आणि हसले. ओट्यावरच्या कुणालाही ती खूण सांगावी लागत नाही: जागा बदला. माई म्हणाल्या, "झालं, तुम्हाला पुन्हा कामाला लावलं."

तेव्हा सरांचा साधेपणा लिहा म्हणता, तर तो असा: स्वतःच्या पेन्शनची बराख सडली आणि हा माणूस हसला. शिस्त लिहा म्हणता, तर पळी वाजल्यावर सर स्वतः आधी उठत. आणि विद्यार्थ्यांवरचं प्रेम लिहायचं तर बबनशेठ आणि काशिनाथभाऊ एकमेकांशी इतकं भांडून एकाच गाडीवर घरी जातात, ते सरांमुळेच. बराख काढून टाकली तर यातलं काय उरतं, मला सांगा.

मारुतीरायाजवळ माझं रोजचं मागणं आहे की सरांना पूर्ण आयुष्य लाभावं, त्यांची वाचा मोकळी व्हावी, माईंची आणि त्यांची सोबत निरोगी राहावी. मी लिहिलं ते चूक असेल तर तेही त्यांनीच आपल्या आवाजात, दोन्ही बाजूंनी, आम्हाला सांगावं.

समितीला विनंती एवढीच. लेख छापायचा तर दोन्ही वर्षांसकट छापावा, एक ओळही कमी न करता. नसेल छापायचा तर तसाच परत पाठवावा. सर गुरुवारी ओट्यावर येऊन बसतात, त्यांच्यासमोर मी तो उभी राहून वाचीन, आणि बबनशेठ आणि काशिनाथभाऊंना तिथे उलट बोलायला पूर्ण वेळ मिळेल. छापणार की परत करणार, ते उलट टपाली कळवावे.